झिरो बॅलन्सचे पेढे

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊन घरी आले. मुलीला मनासारख्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि वर आर्थिक मदतही. ‘दादा, सगळं कव्हर झालं बघा. झिरो बॅलन्स!’ असं म्हणत त्यांनी फोनवर ते पत्र उघडून माझ्यापुढे धरलं. वर वर्षाचा एकूण खर्च, ६२,००० डॉलर. खाली पाच ओळी. डीन्स स्कॉलरशिप २४,०००. फेड डायर सब ३,५००. फेड डायर अनसब २,०००. फेड वर्क-स्टडी २,५००. पॅरेंट प्लस ३०,०००. बेरीज ६२,०००. आणि सगळ्यांत शेवटी, हिरव्या ठळक अक्षरांत: उरलेली रक्कम, शून्य.

पेढा हातात धरूनच मी त्यांना सांगितलं की यात कॉलेजनं दिलेलं असं फक्त पहिल्या ओळीत आहे. दुसरी आणि तिसरी ओळ म्हणजे मुलीच्या नावावरचं सरकारी कर्ज. ‘लोन’ हा शब्द छापायचा राहिलाय, एवढंच. चौथी ओळ म्हणजे मुलीनं कॅम्पसवर तासावारी काम केलं, आणि काम मिळालं, तर तिला मिळू शकणारा पगार. आणि पाचवी ओळ आईवडिलांच्या डोक्यावरचं कर्ज, त्या वर्षी नऊ टक्क्यांच्या आसपास व्याजाचं. ते देताना सव्वाचार टक्के शुल्क आधीच कापून घेतात, म्हणजे तीस हजारांतले बाराशेहून जास्त डॉलर हातात पडण्याआधीच गेले. चार वर्षांचं धरलं तर नुसतं मुद्दलच एक लाख वीस हजार. त्यावर कडी अशी की हे कर्ज घ्यायला पालक अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलगी इथं जन्मलेली, म्हणून तिला सरकारी मदत लागू. पण हे गृहस्थ बारा वर्षं एच-वन-बीवर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. जे कर्ज त्यांना कायद्यानं घेताच येत नव्हतं, त्याच्या जोरावर पत्रानं त्यांची बाकी शून्य करून टाकली होती.

या मदतपत्रांवरून अमेरिकेत सध्या बरीच चर्चा चालू आहे, आणि ती मला दोन्ही बाजूंनी भरकटलेली वाटते. एक बाजू म्हणते, सॉफ्टवेअरनं सगळी वाट लावली, पूर्वी समुपदेशक समोर बसवून नीट सांगायचे. दुसरी म्हणते, आता एआय आलंय, पत्राशेजारी एक चॅटबॉट बसवा, तो पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगेल. मी गेली चौदा वर्षं इथल्या एका खासगी कॉलेजच्या आयटी विभागात हीच मदतीची यंत्रणा सांभाळतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकच सांगावंसं वाटतं. या पत्रांतला घोळ सॉफ्टवेअर बिघडल्यामुळे झालेला नाही आणि त्याला अक्कल कमी म्हणूनही नाही. कुठली रक्कम परत करायची आणि कुठली नाही, हे त्या यंत्रणेला पैन्‌पै ठाऊक असतं. ती ते रोज सरकारला सांगते. घरच्यांना सांगत नाही, कारण सांगायचं नाही असं कुणीतरी ठरवून त्या ठरावाला ‘सेटिंग’ असं नाव दिलेलं असतं.

पहिल्या बाजूच्या हातात एक जबरदस्त उदाहरण आहे हे कबूल. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीसाठी भरायचा अर्ज, सुटसुटीत करायचा कायदा अमेरिकन काँग्रेसनं २०२० साली केला. नवा अर्ज एरवीच्या १ ऑक्टोबरऐवजी ३० डिसेंबर २०२३ ला कसाबसा उघडला. महागाईनुसार बदलायचे आकडे सूत्रात बदललेच नव्हते. ती चूक दुरुस्त केली नसती तर विद्यार्थ्यांचं सुमारे १.८ अब्ज डॉलरचं नुकसान झालं असतं. ज्यांच्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळखक्रमांक, नव्हता त्यांना कित्येक आठवडे अर्ज पुढे सरकवताच येईना. अमेरिकेत जन्मून पुण्यानाशकात वाढलेली, आईवडील भारतातच असलेली आपली काही मुलंही याच खिंडीत अडकणारी. पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला ५४ लाख फोन आले, त्यातले ४० लाख कुणी उचललेच नाहीत. कॉलेजांकडे माहिती मार्चमध्ये पोचली, तीही चुकांसकट. आमच्या कार्यालयात त्या वसंतात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

पण हे उदाहरण मदतपत्रांना लावता येत नाही. फाफ्सा मोडला तो चारचौघांत मोडला. वर्तमानपत्रांत आलं, संसदीय समित्यांपुढे सुनावण्या झाल्या, सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल लिहिले. माझ्या मित्राच्या फोनवरचं पत्र मात्र जसं बांधलं होतं तसंच चाललं होतं. एकही एरर आली नाही. बेरीज बिनचूक होती. बिघडलेल्या यंत्राची तक्रार करता येते. हुकमाप्रमाणे चालणाऱ्या यंत्राची कुणाकडे करणार?

यंत्रणेला सगळं ठाऊक असतं असं मी म्हणालो, ते जरा उकलून सांगतो. बॅनर, पीपलसॉफ्ट, पॉवरफेड्स अशा ज्या प्रणाली इथल्या कॉलेजांत चालतात, त्यांत मदतीच्या प्रत्येक प्रकाराला एक ‘फंड’ म्हणतात. फंड तयार करताना तो अनुदान आहे, कर्ज आहे की कामाचा मोबदला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण सरळ आहे: सरकारी कर्जाची प्रत्येक नोंद शिक्षण खात्याच्या प्रणालीकडे कर्ज म्हणूनच जावी लागते, विद्यार्थ्यानं वचनचिठ्ठीवर सही केलेली असावी लागते, नाहीतर पैसे येत नाहीत. दरवर्षी कॉलेजं सरकारला आकडेवारी पाठवतात त्यात अनुदान वेगळं, कर्ज वेगळं, आणि खर्चातून फक्त अनुदान वजा करून उरणारी निव्वळ किंमतही वेगळी. यात कुणाची गफलत होत नाही, कारण गफलत झाली तर दंड होतो. म्हणजे तोच फंड, तोच कोड, तोच विद्यार्थी. सरकारकडे जाताना ‘कर्ज’ आणि घरी येताना ‘तुमचं अवॉर्ड’. मधल्या वाटेवर तो शब्द गळाला कुठे?

कुठे गळतो ते मी पाहिलंय, कारण मीच गाळलाय. काही वर्षांपूर्वी आमच्या पत्राचा साचा नव्यानं करायचा होता. मी पहिला मसुदा केला त्यात अनुदानाची बेरीज वर, तिच्याखाली ‘तुम्हाला भरावी लागणारी रक्कम’, आणि त्याच्याखाली ‘ही रक्कम उभी करायचे मार्ग’ म्हणून कर्जं. बैठकीत प्रवेश विभागातून कुणीतरी विचारलं, ‘शेजारच्या कॉलेजच्या पत्रात असा आकडा दिसतो का?’ नव्हता दिसत. मग तो आमच्याही पत्रात नको, असं ठरायला चार मिनिटं लागली. मी पडद्यावरच्या एका चौकोनातली खूण काढली. कागदोपत्री त्या दिवशी कुठलाही निर्णय झाला नाही. इतिवृत्तात ‘साच्याचं काम पूर्ण’ एवढंच लिहिलं गेलं. मी काही बोललो नाही, हेही इथं लिहायला हवं.

आमचं कॉलेज यात एकटं नाही. न्यू अमेरिका आणि यूअॅस्पायर या संस्थांनी २०१८ साली पाचशेहून अधिक कॉलेजांची पत्रं तपासली. एकाच सरकारी कर्जाला, त्या ‘अनसब’ला, त्यांत १३६ वेगवेगळी नावं सापडली आणि त्यातल्या २४ नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता. एक तृतीयांशाहून अधिक पत्रांत एकूण खर्चाचा उल्लेखच नव्हता. म्हणजे काय मिळालं ते कळेल, कशातून वजा करायचं ते कळणार नाही. पुढे २०२२ मध्ये सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेनं, गाओनं, प्रातिनिधिक नमुना घेऊन पाहिलं तर ९१ टक्के कॉलेजं निव्वळ किंमत सांगत तरी नव्हती किंवा असेल त्याहून कमी दाखवत होती. एकशे छत्तीस नावं! विष्णुसहस्रनामात निदान सगळी नावं एकाच देवाची आहेत हे आधी सांगितलेलं असतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते. मदत कार्यालयातली माणसं लबाड नसतात. बहुतेक ठिकाणी चार-पाच जण हजारो फायली उपसत असतात, आणि प्रणाली त्यांच्या जन्माआधीच्या विचारांवर बेतलेल्या. फंडाच्या नावाचा रकाना आखूड असतो, म्हणून ‘फेडरल डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन’चं ‘फेड डायर अनसब’ होतं. यात कट नसतो, जागा नसते. आणि सॉफ्टवेअरमुळे खरोखर भलंही झालंय. पूर्वी पत्र यायला आठवडे लागायचे, आता प्रवेशाबरोबर येतं. दुरुस्ती दोन दिवसांत होते. त्याहून मोठं उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं. त्यांनी २०११ च्या सुमारास आपल्याच नोंदी चाळून बघितल्या, की पदवीच्या उंबरठ्यावर आलेली कोणती मुलं केवळ थोडक्या थकबाकीमुळे नाव कापलं जाऊन घरी चाललीत. त्यांना शोधून, अर्ज न मागता, काहीशे डॉलरचं अनुदान थेट खात्यात टाकलं. हजारो मुलं त्यामुळे टिकली. सॉफ्टवेअरचा द्वेष करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

पण रकाना आखूड होता ही सबब कितपत चालते? ‘लोन’ला रोमन लिपीत चार अक्षरं लागतात, ‘अनसब’ला पाच. आणि दुसरं असं की पत्राचा नीट साचा तयार आहे, सरकारनंच केलाय. २०१२ साली ‘शॉपिंग शीट’ नावानं तो आला, पुढे त्याचं ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’ झालं. त्यात खर्च, अनुदान, निव्वळ किंमत आणि कर्ज आपापल्या जागी आहेत. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय आदेशानं सैनिकी शिक्षणनिधीतून पैसे घेणाऱ्या कॉलेजांना सांगितलं, की सैनिकांना आणि माजी सैनिकांना हा तक्ता द्या. कॉलेजांनी दिला, देताहेत. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी जो सैन्यातून आलाय त्याला हे सॉफ्टवेअर निव्वळ किंमत छापून देतं, आणि जो घरून आलाय त्याच्यापुरतं त्याला जमत नाही.

याहून वजनदार आक्षेप आहे तो वेगळाच, आणि तो मला बरेच दिवस अडवत होता. प्रामाणिक आकडा गरीब मुलाला घाबरवेल, हा तो आक्षेप. एकूण खर्चात फी आणि वसतिगृह असतंच, पण पुस्तकं, प्रवास, किरकोळ खर्च यांचे अंदाजही असतात. घरी राहून बसनं येणाऱ्या मुलाला हे अंदाज लागू होत नाहीत. त्याला सगळं मिळून मोठा आकडा दाखवला, तो घाबरला आणि कॉलेजलाच गेला नाही, तर या स्पष्टपणानं कुणाचं भलं केलं? समुपदेशक हे कळकळीनं बोलतात आणि त्यांनी अशी मुलं पाहिलेली असतात. माझं उत्तर एवढंच, की मग दोन आकडे द्या: कॉलेजचं बिल किती, आणि राहण्याजेवण्यासकट अंदाजे किती. दुकानदार दोन आकडे देऊ शकतो, पेट्रोलपंपवाला देऊ शकतो. आणि आकडा लपवल्यानं तो खर्च होत नाही असं थोडंच आहे? एप्रिलमध्ये न घाबरलेलं मूल फेब्रुवारीत घाबरतं. तेव्हा पहिल्या सत्राची थकबाकी चढलेली असते, नावावर कर्ज असतं, आणि हातात पदवीचं एक अष्टमांश पान. भीती टळत नाही. फक्त माघार महाग होते.

मग येतो पैशाचा प्रश्न. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांची छापील फी जवळपास कुणीच पूर्ण भरत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट दिली जाते. कुणाला किती सूट दिली की तो येईल, याचा हिशेब सांगणाऱ्या कंपन्या आहेत. गेल्या शतकाच्या सत्तरीत बोस्टन कॉलेजमध्ये ‘एन्रोलमेंट मॅनेजमेंट’, म्हणजे प्रवेशांचं व्यवस्थापन, हा शब्द रुळला, आणि १९९६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं, की काही कॉलेजांचं संख्याशास्त्र सांगतं की मुलाखतीला आवर्जून येणाऱ्या मुलाला यायची हौस जास्त, तेव्हा त्याला मदत जरा कमी दिली तरी चालेल. पोरगं उत्साहानं चारशे मैल येऊन हस्तांदोलन करतं आणि त्याच उत्साहाची किंमत त्याच्याकडून वसूल होते. कॉलेजं म्हणतात, मुलांची संख्या घटतेय, लहान कॉलेजं बंद पडताहेत, हा हिशेब केला नाही तर आम्हीही बंद पडू. हे मी आतून पाहतो. ते खोटं नाही. गणित करू नका असं मी म्हणतच नाही. माझी अडचण पुढची आहे. तुम्हाला आणायला कमीत कमी किती सूट पुरेल हे जी व्यवस्था काढते, तीच व्यवस्था तुम्हाला ती सूट समजावणारं पत्रही लिहिते. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा वकील एकच.

असा प्रकार अमेरिकेनं आधी एकदा पाहिलाय, विमानाच्या तिकिटांत. अमेरिकन एअरलाइन्सनं आपली सेबर ही आरक्षण प्रणाली १९७६ पासून ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर बसवली. एजंट घाईत असतो, पडद्यावरच्या पहिल्या काही ओळींतूनच तिकीट काढतो. तेव्हा आपली उड्डाणं वर आणि प्रतिस्पर्ध्याची खाली अशी रचना करून ठेवली होती. एकही भाडं खोटं नव्हतं, एकही वेळ चुकीची नव्हती. खोटेपणा होता तो क्रमात. कंपनीनं काँग्रेसपुढे हे नाकारलंही नाही. एवढा पैसा घालून प्रणाली बांधली ती कशासाठी, असाच सूर होता. अखेर १९८४ मध्ये नियम आला, की पडद्यावरचा क्रम असा झुकवता येणार नाही. त्या नियमकर्त्यांना एक गोष्ट कळली होती जी आज मदतपत्रांच्या चर्चेत कुणाला सुचत नाही: प्रत्येक ओळ खरी असूनही पान खोटं असू शकतं. माझ्या मित्राच्या पत्रातली कुठली ओळ खोटी होती?

कॉलेजांनी आपणहून सुधारावं असा एक प्रयत्न चालू आहे. २०२३ मध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजांनी स्वच्छ पत्रांच्या तत्त्वांवर सह्या केल्या, पुढे ती संख्या वाढली. चांगलंच आहे. पण माझ्या बैठकीतला तो प्रश्न आठवा: शेजारच्याच्या पत्रात दिसतो का? जो आधी खरं सांगेल तोच महाग दिसेल. १९६० च्या दशकात ग्राहककर्जात नेमकं हेच होत होतं. बाराशे डॉलर वर्षभरासाठी ‘सहा टक्क्यांनी’ घ्या, बहात्तर व्याज, दरमहा १०६ चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला फिटत चाललेलं असताना व्याज मात्र पूर्ण बाराशेवर, म्हणजे खरा दर अकराच्या घरात. एखाद्या सज्जन सावकारानं दारावर ‘अकरा टक्के’ अशी पाटी लावली असती तर गिऱ्हाईक समोरच्या सहावाल्याकडे गेलं असतं. सिनेटर पॉल डग्लस, मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १९६० पासून याच्या मागे लागले होते. १९६६ मध्ये ते निवडणूक हरले आणि कायदा १९६८ मध्ये झाला. त्यानं व्याज किती घ्यावं हे सांगितलं नाही. सगळ्यांनी ते एकाच पद्धतीनं मोजून सांगावं, एवढंच सांगितलं. सज्जनपणाची शिक्षा त्यामुळे थांबली.

आणि मराठी माणसाला तर यासाठी अमेरिकेपर्यंतही यायला नको. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दख्खनच्या त्या दंग्यांत माणसांना मारण्यापेक्षा त्यांचा रोख होता कर्जखतांवर. खतं हिसकावून जाळली गेली. ज्या कागदावर आपण निशाणी केली त्यात काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं, आणि फेडलेल्याची पावती नव्हती. मग १८७९ चा कायदा आला. त्याचा भर कशावर होता ते बघण्यासारखं आहे: शेतकऱ्याचं कर्जखत गावच्या निबंधकासमोरच लिहिलं गेलं पाहिजे, भरलेल्या पैशाची पावती मिळाली पाहिजे, मागितला तर हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि कोर्टाला खतामागच्या मूळ व्यवहारापर्यंत जाता आलं पाहिजे. सावकार खतावणी नेटकी ठेवतो की नाही, हा वादच नव्हता. त्याची वही चोख असायची. ती वही कुणाला वाचता येते, हा वाद होता. कायद्यातून पळवाटा निघाल्या हेही खरं. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायची चाल पडली. नियम केला की लबाडी संपते असं मला म्हणायचं नाही. पण तेव्हा कुणी त्या कुणब्याला ‘खत जाळू नकोस, शेजारी एक समजावणारा बसवून देतो’ असं म्हणालं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं?

तेव्हा चॅटबॉट नको, नियम हवा, आणि तो पत्राच्या शब्दांपुरता नको. शब्दांचे नियम कॉलेजं पाळतात आणि अर्थ बाजूला ठेवतात. अनुदान की कर्ज हे यंत्रणेत जिथं नोंदलं जातं, त्या रकान्याला नियम लागला पाहिजे: सरकारकडे जी रक्कम कर्ज म्हणून जाते ती घरी जातानाही कर्ज म्हणूनच गेली पाहिजे, तिच्या नावात तो शब्द असला पाहिजे, आणि ती ‘बाकी’तून वजा होता कामा नये. आईवडिलांचं कर्ज आधीच भरून ठेवायचं नाही; ज्याला हवं तो मागेल. पोर्टलवर ‘सगळं स्वीकारा’ असं जे एक बटण असतं ते कर्जाला लागू नसावं, कारण वचनचिठ्ठीवर एकदा सही झाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या वर्षी उरतं ते फक्त बटण. हा नियम कॉलेजांबरोबर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही लावा. सरकारी मदत घेणाऱ्या संस्था पाच हजारांहून जास्त आहेत, पण त्यांच्यामागच्या मोठ्या प्रणाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लहान कॉलेजं साचा जसा पेटीतून निघतो तसाच वापरतात. पेटीतला साचा बदलला तर रातोरात हजार पत्रं बदलतील. यासाठीची विधेयकं दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी वर्षानुवर्षं आणली, आयोवाचे चक ग्रासली त्यातले एक, आणि गाओनंही काँग्रेसला कायदा करायचं सुचवलं. दरम्यान जुलै २०२५ च्या कायद्यानं पालकांच्या कर्जाला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे ६५,००० अशी कमाल मर्यादा घातली, १ जुलै २०२६ पासून. म्हणजे ती तीस हजारांची ओळ आता नव्या विद्यार्थ्याच्या पत्रात तशी छापता येणार नाही. उरलेले दहा हजार पत्रात कुठल्या नावानं येतील, याची मला उत्सुकता आहे.

गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्यानं आमच्याकडे अशा चॅटबॉटचं प्रात्यक्षिक केलं. चाचणीसाठी बनवलेल्या विद्यार्थिनीचं पत्र पडद्यावर होतं, ‘उरलेली रक्कम’ शून्य. बॉटनं हिंदी, स्पॅनिश सगळं बोलून दाखवलं. मी मागून विचारलं, एक प्रश्न टाइप करता का, ‘यातलं मला परत किती करायचंय?’ दोन सेकंदांत उत्तर आलं. प्रत्येक कर्जाचं पूर्ण नाव, रक्कम, व्याज, आणि खाली चार वर्षांची बेरीज. एकदम बिनचूक. मी विचारलं, मग हेच पत्रात का नाही? विक्रेता म्हणाला, पत्रात काय छापायचं ते कॉलेज ठरवतं. आमच्या प्रवेश विभागाच्या बाई म्हणाल्या, आम्ही सॉफ्टवेअरचा साचाच वापरतो. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं, कारण तो साचा मी केला होता.